सकाळी सातचं गाऱ्हाणं

आमच्या यादीत अठराशे बेचाळीस माणसं होती आणि त्यातला एकही नंबर मी विकत घेतलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे.

मी स्वप्ना. तारकर्लीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला माडांत आमचं घर आहे. मागच्या पडवीत सात बायका मिरच्या निवडतात, धणे भाजतात, तिरफळं साफ करतात. मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, सोलं, एवढाच आमचा माल. माझा नवरा सर्वेश कुडाळच्या कारखान्यात नोकरीला. धंदा माझा, आणि धंद्याची घमेंडही माझीच.

सुरुवातीला मी जे सगळे करतात तेच केलं. मसाल्याचे फोटो काढले, खाली 'शुद्ध, घरगुती' लिहिलं, गणपतीला सवलत दिली. माशीही फिरकली नाही. पी हळद नि हो गोरी, असं धंद्यात होत नसतं हे कळायला मला वर्ष लागलं. मग पुण्याच्या एका सरांचा ऑनलाइन वर्ग लावला. सर बोलायचे फार, पण त्यांची एक गोष्ट खरी निघाली. ते म्हणाले, गिऱ्हाईक येतं नि जातं, यादी राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर एकगठ्ठा संदेश पाठवला तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मिळतो. तेव्हा लोकांनी तुमचा नंबर आपणहून जपून ठेवावा असं काहीतरी त्यांना द्या.

आता मसाला विकणारणीचा नंबर कोण जपून ठेवील? मी तरी ठेवला नसता.

उत्तर घरातच बसलं होतं. माझ्या सासूबाई, नर्मदा; मी त्यांना आईच म्हणते. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार देवापुढे उभा राहतो, गावाचं सुखदुःख मोठ्याने सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. आई ते रोज सकाळी चुलीपुढे घालायच्या, एकट्याच. एकदा डोंबिवलीच्या एका बाईंचं पार्सल रखडलं म्हणून त्या फोनवर माझ्याशी भांडत होत्या. भांडता भांडता रडायलाच लागल्या. मुलगी बारावीला, नवरा दवाखान्यात. आईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं. बाई पलीकडून हुंदके देत 'व्हय म्हाराजा' म्हणत होत्या.

ते मी रेकॉर्ड केलं. माझ्या जिवात धंदा भरलेला, दुसरं काय करणार!

"ह्या रोज एक घातलंस तर?" मी आईंना विचारलं. "लोकांची नावां मी सांगतंय, तू फक्त बोल."

"देवळातला गाऱ्हाणा गावकार घालता," आई म्हणाल्या. "माका त्याचो मान नाय. माझा आपला चुलीफुडचा."

"चुलीफुडचाच घाल."

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग राख झटकत म्हणाल्या, "ह्या आपल्या तन्वीक जायत काय गो?"

तन्वी माझी नणंद. सात वर्षांपूर्वी बडोद्याचा एक मुलगा इथे समुद्र बघायला आला, आठ दिवस राहिला, आणि पुढच्या वर्षी तन्वी त्याच्याबरोबर निघाली. माझे सासरे हरिश्चंद्र तोंडाने फटकळ. ते दारात उभं राहून म्हणाले, "उंबरो ओलांडलंस तर परत येवचा नाय." तन्वीने बापाकडे पाहिलंच नाही. ती आईंकडे बघत होती. आई माजघराच्या दाराआड पदर तोंडात धरून उभ्या. एक शब्द बोलल्या नाहीत. तन्वी गेली, फोन नंबर बदलला, पत्ता कुणाला दिला नाही. पुढे सासरे वारले तेही तिला कळवता आलं नाही. आणि आईंच्या मनात तेवढं एकच राहिलं, की आपण त्या वेळी बोललो नाही.

"जायत," मी म्हटलं. "कोणाच्या ना कोणाच्या मोबायलातसून जायत."

"मगे बोलतंय मी," आई म्हणाल्या. "तिच्या कानार पडासर बोलतंय."

अशी आमची यादी सुरू झाली. आईंना लेक हवी होती, मला गिऱ्हाईक हवं होतं. दोघींची गाडी एकाच रस्त्याने निघाली, त्यामुळे भांडायचं कारण नव्हतं.

सकाळी सात वाजता दोन मिनिटांचा आवाज जायचा. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाला परदेशात नोकरी नाही. नाव आणि गाव घेऊन आई देवाला सांगायच्या. बारशाला पेढे वाटावेत तसे लोक तो आवाज पुढे वाटत सुटले. चाळीसाचे चारशे झाले, चारशेचे हजार. मुंबई, नाशिक, बेळगाव, मस्कत. सात वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर 'व्हय म्हाराजा'ची रांग लागायची, आणि त्यातल्या दहाएक जणांना त्याच दमात मसालाही आठवायचा. मी प्रत्येकाला उत्तर लिहायची, आईंच्या नावाने, आईंच्या बोलीत. 'ये गो बाय', 'जपान रव रे झिला'. पुण्याच्या सरांनी पुढच्या वर्गात माझं उदाहरण दिलं. मी चार दिवस जमिनीवर पाय ठेवला नाही.

दर सोमवारी मात्र आई नावं घ्यायच्या नाहीत. सोमवार त्यांचा स्वतःचा, लांब गेलेल्या लेकींचा आणि त्यांच्या आयांचा.

"बा देवा म्हाराजा, ज्यांची चेडवां रागान लांब गेली हत, त्यांका घराची वाट दाखय. आवशीचा काय चुकला आसात, तर ता आवशीच्याच पदरात घाल. चेडवाक तरास नको रे म्हाराजा."

आणि मग स्वतःच हळूच म्हणायच्या, व्हय म्हाराजा.

यंदा ज्येष्ठात बडोद्याहून एक नाव यादीत आलं. हेतल. मोडकं मराठी, मधे मधे हिंदी. कुळथाचं पीठ आणि तिरफळं मागवायची. बडोद्यात कुळथाची पिठी कोण खातो, असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं. पण मी गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारी, सरांनी नावाजलेली! मी तिला 'पक्की' या यादीत टाकलं, कारण ती सकाळी सात वाजून दोन मिनिटांच्या आत आवाज ऐकायची. एकही दिवस चुकली नाही.

ती आमची तन्वी होती. नवऱ्याच्या बहिणीचं नाव नि पत्ता देऊन, मोडकं मराठी मुद्दाम लिहून ती रोज आईचा आवाज ऐकत होती. मला हे फार उशिरा कळलं, पण ऐकणाऱ्याला कोड्यात ठेवायची मला हौस नाही.

आषाढात हेतलने लिहिलं, पहिलं बाळंतपण आहे, दिवस भरलेत, भीती वाटते, आजींना गाऱ्हाणं घालायला सांगा.

"हेतल म्हणजे कोण गो?" आईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक. बडोद्याचा."

बडोदा म्हटल्यावर आईंचा हात थांबला. त्यांनी तीन वेळा गाव विचारून घेतलं. मग हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बडोद्याक माझी एक लेक आसा. तिची आवस तिच्या वांगडा नाय. तू तिची आवस हो. तिची सुखरूप सुटका होवंदे, एकाचे दोन जीव होवंदेत रे म्हाराजा."

तो आवाज पाठवताना मलाही भरून आलं. त्या दिवशी ऑर्डरी नेहमीच्या दुप्पट आल्या, हेही मला आठवतंय. माझं डोकं असं आहे.

बाळ झालं. मुलगी. हेतलने एवढंच लिहून पुढे जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात आई चुलीपुढून उठताना कोसळल्या. अर्धांगवायू. कुडाळच्या दवाखान्यात बारा दिवस ठेवलं. जीव वाचला, पण उजवं अंग आणि वाचा गेली. डोळे जागे होते, सगळं कळत होतं. तोंडातून मात्र नुसता एक घोगरा सूर यायचा.

पहिल्या दिवशी दवाखान्यात सातचा ठोका चुकू नये म्हणून मी फोनमधलं जुनं गाऱ्हाणं पाठवलं. नुसतं त्या दिवसापुरतं, असं स्वतःला सांगितलं. माझ्याकडे सहाशेच्या वर आवाज साठवलेले होते. नावं नसलेले बाजूला काढले, नावं असलेल्यातलं नाव कापलं. कुणाला पत्ता लागला नाही. वैशाखातलं एक गाऱ्हाणं गेलं त्यात मागे कोकिळा ओरडत होती, तेव्हा ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, आजी, तुमच्याकडे श्रावणात कोकिळा? मी लिहिलं, आमच्याकडे सगळाच उलटो कारभार रे झिला. त्यांनी हसरे चेहरे पाठवले.

आईंना घरी आणलं. खाट ओटीवर टाकली. रोज सकाळी माझ्या फोनमधून त्यांचाच आवाज निघाला की आई डावा हात उचलायच्या आणि फोनकडे दाखवायच्या. मग आपल्या छातीवर हात ठेवायच्या. मग दाराकडे. परत फोनकडे. घशातून तो सूर.

"व्हय, पाठवतंय, पाठवतंय," मी म्हणायची. मला वाटायचं, गाऱ्हाणं बंद पडू नये म्हणून धडपडतायत.

आमच्याकडे कामाला येणारी शेवंती वयाने माझ्याहून बरीच मोठी. तिने चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी धण्याची पाटी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"वयनी, त्या काय सांगतत ता तुमका कळना नाय? लोकांका कळवा म्हणतत. माका बरा नाय म्हणान सांगा. तन्वी खंय ऐकत असली तर धावान येतली."

ऐकताक्षणीच मला कळलं की ती बरोबर आहे. आई माझ्याकडेच बघत होत्या. डोळ्यांनी त्या हो म्हणाल्या. हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी आयुष्यात कधी म्हणणार नाही.

"दिवाळी होवंदे," मी म्हटलं. "आता सांगलंय तर अर्ध्या ऑर्डरी जातल्यो. लोक आजीच्या आवाजार येतत. तुमचा सात जणींचा काय करू मी?"

"आमचा आमी बघू," शेवंती म्हणाली.

"आणि तन्वी ऐकता म्हणान कोणी सांगल्यान? सहा वर्सा नाय ऐकली ती!"

शेवंतीने पाटी उचलली. आईंनी तोंड भिंतीकडे केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हटलं आणि पाकिटांना चिकटपट्टी लावायला बसले.

गणपतीला आठ दिवस राहिले असताना हेतलचा संदेश आला. बाळाचा फोटो होता. गोबरे गाल, कपाळाला काजळाचा मोठा ठिपका. खाली लिहिलं होतं, गणपतीत तुमच्याकडे आले तर चालेल का? आजींना भेटायचं आहे. आजी बऱ्या आहेत ना?

मी घाबरले. एक बाई येणार, खाटेवरची आई बघणार, आणि दुसऱ्या दिवशी अठराशे जणांना कळणार की आपण पंधरा-वीस दिवस जुना आवाज ऐकतोय. कुरिअरची गाडी दारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी उभ्या उभ्या लिहिलं, आईंच्या नावाने, आईंच्या बोलीत.

'मी बरी आसंय गो बाय. तान्ह्याक घेवन गणपतीच्या गर्दीत येव नको. दिवाळी झाली काय सावकाश ये. वाट बघतंय.'

फोटो आईंना दाखवावा असं मनात आलं होतं. त्यांना तान्ही मुलं आवडायची. पण पार्सलं मोजून द्यायची होती, आणि मग ते राहूनच गेलं.

दिवाळीच्या गडबडीत रोज आवाज निवडायला वेळ होईना, म्हणून मी एक अ‍ॅप घेतलं. त्यात महिनाभराची गाऱ्हाणी एकदम भरून ठेवली की फोन बंद असला तरी रोज सातला आपोआप जातात. यंदाची दिवाळी आमची आजवरची सगळ्यात मोठी झाली. सर्वेश म्हणाला, आता आईसाठी रत्नागिरीचा मोठा डॉक्टर बघूया. आई तोवर फोनकडे हात करायच्या बंद झाल्या होत्या. नुसत्या दाराकडे बघायच्या.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी त्या गेल्या. पहाटे गेल्या. घरात रडारड, अंगणात माणसं जमलेली, आणि सात वाजता माझा फोन वाजू लागला. व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा. आईंना अजून न्हाऊही घातलं नव्हतं आणि त्यांचा आवाज अठराशे घरांत जाऊन पोचला होता. सर्वेशने फोन घेऊन आतल्या कपाटात टाकला. सुतकाच्या दिवसांत तो कुणी बाहेर काढला नाही. आवाज जातच राहिला.

नवव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फाटकापाशी रिक्षा थांबली. शेवंती अंगण झाडत होती. तिच्या हातातून केरसुणी पडली म्हणून मी वर पाहिलं. तन्वी होती. अंगाने भरलेली, खांद्यावर बाळ, दुसऱ्या हातात बॅग. मी बाळाच्या कपाळावरचा काजळाचा ठिपका पाहिला. फोटोतलाच तो ठिपका.

"वयनी," तन्वी हसत म्हणाली. सहा वर्षांनी भेटताना माणूस हसतं तशी, थोडी लाजून. "आई खंय? आंघोळीक गेली हा काय?"

मी तिच्या हातातली बॅग घेतली.

"आत्ताच आयकलंय तिका. कुडाळाक गाडयेतसून उतरलंय आणि आवाज इलो. लांब गेलेल्या चेडवांचा गाऱ्हाणा होता. मी ट्येशनारच रडलंय गो. म्हटलंय, बोल तू, तुझा चेडू ट्येशनार इला हा."

एवढं बोलून ती ओटीवर चढली. रिकामी खाट होती आणि खाली दिवा जळत होता. ती तिथेच थांबली. शेवंती पदराने तोंड झाकून रडायला लागली, त्यावरून तिला सगळं कळलं.

"केदना?" तिने विचारलं.

"नऊ दिस झाले."

"मगे सकाळचा?"

"जुना."

"कालचा?"

"ताय जुना. श्रावणापासून सगळा जुना. वाचा गेली होती तिची. तीन महिने पडान होती."

तन्वीने मोजलं. बोटांवर नाही, पण ओठ हलत होते. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं तसं बाळ कुरकुरलं.

"मी तिकीट काढलेलंय, वयनी," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "गणपतीचा. भेटूनच तिका सांगूचा होता, मी कोण ता. मगे तिचो मेसेज इलो, दिवाळीनंतर ये म्हणान. मी तिकीट रद्द केलंय. म्हटलंय, आई सांगता ता आयकूया. एकदा बाबांचा नाय आयकला, आता तिचा तरी आयकूया."

"ता मी लिवलेलंय," मी म्हटलं.

मी तिच्या पाया पडायला तयार होते, तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"एक दिवस आवाज चुकलो असतो," ती म्हणाली, "एक दिवस, तर मी त्याच गाडयेत बसलंय असतंय. रोज सकाळी बोलत होती ती. माका वाटला, आसा अजून वेळ."

सर्वेश आतून आला आणि बहिणीला बघून खांबाला धरून उभा राहिला. बाळ तेवढं इकडे तिकडे बघत होतं. हुबेहूब आईंचे डोळे. फोटोत मी ते पाहिले होते आणि मला ओळखता आले नव्हते.

मग तन्वीने विचारलं, "फोटो दाखयलंस तिका? चेडवाचो मी पाठवलेलो?"

माझ्या तोंडात हो आलं होतं. दोन वर्षं मी लोकांना जे ऐकायला आवडेल तेच लिहीत आले होते, आणि ते मला चांगलं जमतं. दाखवला, खूप वेळ बघत राहिली, हसली, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? तन्वी खाटेवर बसून रडली असती आणि कदाचित कधीतरी तिला झोप लागली असती.

"नाय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले. तन्वीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.